राजापूर (रत्नागिरी जिल्हा)

राजापूर हे महाराष्ट्र राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यातील तालुक्याचे मुख्य ठिकाण असून अर्जुना नदीच्या काठी वसलेले एक ऐतिहासिक बंदर आहे. अरबी समुद्रापासून ते खाडीमार्गे सुमारे २५ किलोमीटर आत आहे. शिवकालीन इंग्रज वखार, उन्हाळे येथील गरम पाण्याचा झरा आणि अनियमित काळाने प्रकट होणारी ‘गंगा’ यांमुळे ते प्रसिद्ध आहे.

भौगोलिक स्थान

अर्जुना नदी सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेकडे वाहते. राजापूर शहरात तिला कोदवली नदी मिळते. पुढे ती खाडीचे रूप घेऊन जैतापूरजवळ समुद्रास मिळते. भरतीचे पाणी जेथवर चढते आणि घाटावरून उतरणारी वाट जेथे येऊन संपते, नेमक्या त्याच ठिकाणी हे शहर उभे राहिले. अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर-पन्हाळ्याच्या मुलखातून बैलांच्या पाठीवरून आलेला माल येथे गलबतांत चढवला जाई. काळी मिरी, वेलदोडे व कापड हे त्यातील प्रमुख जिन्नस होत. टेकड्यांच्या उतारावर वसल्यामुळे शहरातील जुने रस्ते अरुंद व चढउताराचे आहेत.

इतिहास

चौदाव्या शतकाच्या आरंभी राजापूर हे आसपासच्या मुलखाचे प्रमुख ठाणे होते. पुढे ते विजापूरच्या आदिलशाहीत आले. सतराव्या शतकाच्या मध्यास, १६४९ च्या सुमारास, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार घातली. त्यानंतर फ्रेंचांनीही येथे वखार काढली.

१६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने वेढा घालणाऱ्यांना तोफा व दारूगोळ्याची मदत केली आणि गडावर तोफा डागल्या. व्यापारी म्हणून आलेल्यांनी युद्धात पक्ष घेतल्याचा जाब शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये विचारला. त्यांनी राजापूर घेतले, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह काही इंग्रजांना कैद केले. उरलेल्या कैद्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. या नुकसानीच्या भरपाईचा प्रश्न इंग्रज पुढे दहा वर्षांहून अधिक काळ लावून धरत होते. १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या वाटाघाटींतही तो होता. वखार नंतर पुन्हा उघडली, परंतु फार काळ टिकली नाही.

१७१३ मध्ये राजापूर आंग्र्यांकडे आले. १७५६ मध्ये ते पेशव्यांनी घेतले व १८१८ मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांच्या ताब्यात गेले. येथील नगरपालिका १८७६ मध्ये स्थापन झाली. राजापूर सारस्वत ब्राह्मण या समाजाचे नाव याच गावावरून पडले आहे.

बंदराचा ऱ्हास

राजापूरचे बंदर कोणत्याही युद्धाने नव्हे, तर गाळाने संपवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही अरबी गलबते येथे थेट व्यापारास येत, मात्र मोठ्या जहाजांना जुन्या दगडी धक्क्यापासून सुमारे तीन मैल दूरच थांबावे लागे. सह्याद्रीच्या तीव्र उतारांवरील जंगल कमी झाले की मुसळधार पावसाने माती सुटते. ती नदीतून वाहत येते आणि भरतीमुळे प्रवाह जेथे मंदावतो तेथे साचते. इटलीतील आर्नो नदीकाठच्या पिसा शहराची सागरी सत्ता ओसरण्यामागेही गाळाने भरलेले बंदर हे एक कारण होते. राजापूरचा प्रकार त्याच जातीचा आहे.

गाळाचा परिणाम केवळ व्यापारापुरता राहिला नाही. पात्र उथळ झाल्यामुळे पावसाळ्यात अर्जुना व कोदवली यांचे पाणी बाजारपेठेत शिरते. अतिवृष्टी व भरती एकाच वेळी आल्यास पूर ओसरण्यास विलंब लागतो आणि व्यापाऱ्यांना दुकानांतील माल वरच्या मजल्यावर हलवावा लागतो. अलीकडच्या काळात लोकसहभागातून पात्रातील गाळ उपसण्याची कामे झाली आहेत. तथापि वरच्या खोऱ्यातील मातीची धूप थांबल्याशिवाय हा उपाय कायमचा ठरू शकत नाही.

प्रेक्षणीय स्थळे

इंग्रजांची वखार : भक्कम दगडी बांधणीच्या या इमारतीचे आवार खाडीपर्यंत पोहोचत होते. ब्रिटिश काळात तिचा उपयोग सरकारी कचेरीसाठी होत असे. आता तिचे अवशेषच उरले असून त्यांच्या जतनाची गरज आहे.

उन्हाळे : शहरालगतच्या या गावी गरम पाण्याचा झरा आहे. त्याच्या जवळच राजापूरची गंगा असून तेथे चौदा कुंडे आहेत. साधारणतः तीन वर्षांनी ही कुंडे आपोआप भरतात, अशी परंपरेने समजूत आहे; प्रत्यक्षात हा कालावधी अनियमित आहे. भूगर्भातील पोकळीत पाणी ठरावीक पातळीस पोहोचल्यावर वक्रनलिकेच्या तत्त्वाने ते बाहेर पडत असावे, असे स्पष्टीकरण दिले जाते. गंगा आल्याची वार्ता पसरताच स्नानासाठी भाविकांची गर्दी होते.

धूतपापेश्वर : धोपेश्वर येथे मृडानी नदीच्या काठी हे शिवमंदिर आहे. मंदिरालगतचा धबधबा पावसाळ्यात विशेष प्रेक्षणीय असतो.

कातळशिल्पे : तालुक्यातील बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ व कशेळी येथील सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे कोरलेली आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला आहे.

दळणवळण

राजापूर मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६६ वर आहे. कोकण रेल्वेचे ‘राजापूर रोड’ स्थानक शहरापासून दूर असल्याने तेथून पुढे रस्त्याने यावे लागते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ भेटीस सोयीचा असतो. नद्या व धबधबे भरलेले पाहावयाचे असल्यास पावसाळ्यात यावे, मात्र पुराची स्थिती जाणून घेऊनच शहरात प्रवेश करावा.