सर्व्हर परवाना-शुल्काचे बदलते एकक आणि लघुउद्योग

प्रारंभी आज्ञावलीची किंमत संगणकाच्या भाड्यातच अंतर्भूत असे. १९६९ मध्ये आयबीएमने काही आज्ञावलींचे शुल्क स्वतंत्रपणे आकारण्याचे जाहीर केले आणि आज्ञावली ही विक्रेय वस्तू ठरली. पुढे विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीस मूळ परवान्याखेरीज प्रत्येक वापरकर्त्यासाठी वा उपकरणासाठी प्रवेश-परवाना आवश्यक झाला. विंडोज सर्व्हर २०१६ पासून मूळ परवान्याची मोजणी प्रोसेसरऐवजी कोअरवर आली. प्रत्येक यंत्रास किमान १६ कोअरचे परवाने बंधनकारक झाले. परिणामी, संपूर्ण यंत्रासाठी परवाना घेताना ८ कोअरचे यंत्र वापरणारा लघुउद्योजकही १६ कोअरचे शुल्क भरतो. डेबियनसारख्या मुक्त प्रणालीस परवाना-शुल्क नाही. तथापि देखभालीचा खर्च उरतोच. तात्पर्य, लघुउद्योगावरील भार केवळ दराने नव्हे, तर मोजणीच्या एककाने व किमान मर्यादेने निश्चित होतो.