पावसाचा इशारा वेळेवर पोहोचेल का, हे आधीच कसं तपासतात? इंटिग्रेशन टेस्ट समजून घ्या

हिंदमाताला पाणी साचलं की परळ, दादर, लालबागचा अख्खा दिवस बिघडतो. केईएम, वाडिया किंवा टाटा रुग्णालयात निघालेले पेशंट वाटेत अडकतात आणि कापड दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला धावतात. या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते: वेळेवर इशारा. पण हा इशारा पर्जन्यमापकातून निघून मोबाइलवर येईपर्यंत बरेच टप्पे पार करतो. प्रत्येक टप्पा आपापल्या जागी ठणठणीत असूनही इशारा मधेच हरवू शकतो. असा दोष पावसाळ्याआधी पकडण्यासाठी जी चाचणी घेतात, तिला इंटिग्रेशन टेस्ट म्हणतात.

क्लाउड मॉनिटरिंग म्हणजे काय?

इथला 'क्लाउड' म्हणजे आकाशातला ढग नव्हे. दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधले संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरणं, म्हणजे क्लाउड. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी सेवा सुरू केली. मॉनिटरिंग म्हणजे सतत लक्ष ठेवणं. त्याचे चार टप्पे असतात: मोजमाप गोळा करणं, ते साठवणं, नियमाशी ताडून पाहणं आणि नियम मोडला तर माणसाला कळवणं.

मुंबईला हे का लागतं?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याची नोंद होती फक्त ७३ मिमीच्या आसपास. एकाच शहरात इतका फरक पडतो, म्हणून दोन वेधशाळांवर भागत नाही. त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. जून २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिकेने 'आयफ्लोज-मुंबई' ही पूर इशारा प्रणाली सुरू केली. तिचे सात भाग आहेत. माहिती एकत्र करण्यापासून इशारा पोहोचवण्यापर्यंत प्रत्येकाचं काम वेगळं. भाग वाढले की सांधेही वाढतात, आणि चुका बहुतेक वेळा सांध्यातच लपतात.

युनिट टेस्ट आणि इंटिग्रेशन टेस्ट यांत फरक काय?

एकेक भाग सुटा तपासणं म्हणजे युनिट टेस्ट. सगळे भाग जोडून, एका टोकाला माहिती घालून दुसऱ्या टोकाला काय निघतं ते पाहणं म्हणजे इंटिग्रेशन टेस्ट.

एक उदाहरण घेऊ. समजा, पर्जन्यमापक दर १५ मिनिटांचा पाऊस पाठवतो. नियम लिहिणाऱ्याने मात्र आकडा तासाचा आहे असं धरून '५० च्या वर गेला तर इशारा' असं लिहिलं. आता १५ मिनिटांत १५ मिमी पाऊस पडला. हा वेग ताशी ६० मिमी झाला. मुंबईतले जुने नाले ताशी २५ मिमी पावसासाठी होते आणि 'ब्रिमस्टोवॅड' प्रकल्पाचं उद्दिष्ट ५० मिमीचं. म्हणजे पाणी तुंबणारच. पण यंत्रणेला दिसतो फक्त १५ हा आकडा आणि ती गप्प बसते. मापक बरोबर आहे, नियमही आपल्या जागी बरोबर आहे. चूक आहे दोघांच्या मधल्या समजुतीत. ती युनिट टेस्टमध्ये दिसत नाही.

चाचणीची मांडणी कशी करतात?

१. वेगळी जागा तयार करा. खऱ्या यंत्रणेची छोटी प्रत उभी करतात. त्यासाठी डॉकरसारखं साधन वापरतात. सॉफ्टवेअरची आवृत्ती मात्र खऱ्या यंत्रणेत आहे तीच हवी. प्रतीत खरे फोन नंबर ठेवू नका, नाहीतर चाचणीचा पूर खऱ्या लोकांच्या मोबाइलवर येईल.

२. खोटा पाऊस पाडा. नकली पर्जन्यमापकाकडून ठरवलेले आकडे पाठवा. जुन्या मुसळधार दिवसाची नोंद असेल तर तीच पुन्हा चालवा.

३. शेवटचं टोक तपासा. आकडा डेटाबेसमध्ये पोहोचला एवढ्यावर थांबू नका. नकली मोबाइलवर योग्य मजकूर आला का, ते पाहा.

४. थांबण्याची मर्यादा ठरवा. 'एक मिनिट थांबून बघ' असं लिहिलं तर चाचणी कधी पास, कधी नापास होते. त्यापेक्षा दर दोन सेकंदांनी पाहा आणि ठरलेली मुदत संपली की नापास करा.

५. आवरून ठेवा. चाचणीचा डेटा पुसून टाका. उरलेला खोटा पाऊस पुढच्या चाचणीचा निकाल बिघडवतो.

इशाऱ्याला किती वेळ लागतो?

'प्रोमिथियस' हे मॉनिटरिंगचं लोकप्रिय मोफत सॉफ्टवेअर आहे. वेगळं काही सांगितलं नाही, तर ते दर मिनिटाला आकडे घेतं आणि दर मिनिटाला नियम तपासतं. 'पाच मिनिटं सलग जोर असेल तरच इशारा दे' अशी अट घातली तर ती पाच मिनिटं वेगळी. इशारे एकत्र करून पाठवणारा 'अलर्टमॅनेजर' आणखी ३० सेकंद थांबतो. बेरीज साडेसात मिनिटांपर्यंत जाते. मापक १५ मिनिटांनी एकदाच आकडा पाठवत असेल, तर सगळे मिळून साडेबावीस मिनिटं. तेवढ्यात हिंदमाताला पाणी गुडघ्यापर्यंत चढलेलं असू शकतं. म्हणून 'इशारा आला' एवढं पुरत नाही. 'इतक्या मिनिटांत आला' हेही चाचणीत लिहावं लागतं.

हमखास तपासायच्या गोष्टी

- शून्य की शांतता? ० मिमी म्हणजे पाऊस नाही. आकडाच न येणं म्हणजे मापक किंवा नेटवर्क बंद. मुसळधार पावसात वीज जाते, त्यामुळे नेमका गरजेच्या वेळी आकडा गायब होतो. ॲमेझॉनच्या 'क्लाउडवॉच'मध्ये आकडा आला नाही तर काय समजायचं, ते निवडता येतं. ती निवड चाचणीत मापक बंद करून तपासा.

- वेळेचा घोळ. संगणक बहुधा जागतिक प्रमाणवेळ पाळतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला सुरू होतो, म्हणजे जागतिक वेळेनुसार पहाटे ३:०० ला. मध्यरात्री दिवस बदलला तर २४ तासांची बेरीज चुकते.

- उशिरा आलेले आकडे. नेटवर्क परत आल्यावर मापक साठलेले आकडे एकदम पाठवतो. तोच पाऊस दोनदा मोजला जात नाही ना?

- भरतीची जोड. महापालिका ४.५ मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. पाऊस आणि भरती या दोन वेगळ्या ठिकाणांहून येणाऱ्या माहिती एकाच वेळेला जुळतात का, ते पाहा.

- मराठी मजकूर. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरीत ही मर्यादा ७० आहे आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. लांबलेला मजकूर तुकड्यांत जातो. ठिकाणाचं नाव पहिल्याच ओळीत आहे का, ते बघा.

- इशाऱ्यांचाच पूर. तीस मापक एकदम ओरडले तर अधिकाऱ्याला तीस मेसेज हवेत की एक?

चाचणी कधी चालवायची?

सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदललं की लगेच, आणि रोज रात्री एकदा. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला पोहोचतो. त्याआधी खऱ्या फोनवर, खऱ्या माणसांसह रंगीत तालीम घ्यावी. शिवाय एक इशारा मुद्दाम कायम वाजता ठेवतात. तो बंद पडला, की यंत्रणाच मेली आहे हे कळतं.

जुनी मुंबईकर पद्धत

दोन यंत्रणा जुळतात का हे तपासण्याची रीत संगणकाच्या आधीची आहे. कुलाबा वेधशाळा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी करत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर या नाजूक नोंदी बिघडण्याची भीती होती. तेव्हा संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. पण कुलाब्याचं काम लगेच थांबवलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली आणि आकडे ताडून पाहिले. विजेच्या ट्राम १९०७ मध्ये धावू लागल्या. तोवर जुनी आणि नवी नोंद जोडली गेली होती.

ही चाचणी काय सांगत नाही?

चाचणी पास झाली म्हणजे हवामानाचा अंदाज बरोबर ठरेल, असं नाही. मोजलेला आकडा योग्य माणसापर्यंत ठरलेल्या वेळेत पोहोचतो, एवढंच ती सांगते. पुढे पंप सुरू करणं, रस्ता बंद करणं हे माणसांचं काम. आणि तुमच्या गल्लीत पाणी चढत असेल, तर मोबाइलवर इशारा यायची वाट बघू नका. महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाला १९१६ वर कळवा.