मुसकीपासून लशीपर्यंत : कुत्र्यांच्या कायद्याची आणि सवलतीची हकिकत



मळ्यात, गोठ्यापाशी किंवा खळ्यावर राखणीला कुत्रा नाही असा शेतकरी विरळा. रात्रीची जाग तोच ठेवतो. रानडुकराची चाहूल आपल्याआधी त्यालाच लागते. पण गावात लसीकरणाचे शिबिर आले म्हणजे दोन प्रकारची बोलणी हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "आमचा कुत्रा कुणाला चावत नाही, त्याला सुई कशाला?" दुसरा म्हणतो, "आमचा कुत्रा आजारी आहे हो डॉक्टर, त्याला लस सोसायची नाही. त्याला तेवढी सूट द्या."

पहिल्याचे बोलणे चूक आहे. दुसऱ्याचे मात्र कधी कधी अगदी बरोबर असते. या दोन बोलण्यांतला फरक ओळखून त्याप्रमाणे कायदा करायला जगातल्या सरकारांना जवळजवळ दोनशे वर्षे लागली. ती हकिकत समजून घेतली, तर आपल्या दारातल्या कुत्र्याचे काय करावे हे ठरवणे सोपे जाईल.

मुंबईचा दंगा

सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करू. त्या काळी पिसाळरोगावर लस नव्हती, औषध नव्हते. सरकारच्या हाती एकच साधन होते, ते म्हणजे काठी. वर्षातल्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्री मारावीत असा नियम मुंबईत १८१३ पासून होता. १८३२ साली ही मुदत वाढवण्यात आली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले गेले. आठ आणे म्हणजे त्या वेळी काही थोडीथोडकी रक्कम नव्हे! मग काय, मोकाट कोणता आणि पाळलेला कोणता हे बघायचे कुणी? शिपाई घरादारांतली कुत्रीही ओढून नेऊ लागले.

पारशी समाजात कुत्र्याला धर्मात मान आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहाला कुत्र्याचे दर्शन घडवण्याची त्यांची रीत आहे. ६ जून १८३२ रोजी पारशी मंडळी रस्त्यावर आली. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि गोऱ्या पलटणीची रसदसुद्धा अडली. शेवटी लष्कर बोलवावे लागले.

यातून घ्यायचे ते एवढेच, की रोगाची भीती खरी होती, पण हुकूम आंधळा होता. धन्याचे कुत्रे आणि बेवारशी कुत्रे, निरोगी आणि रोगी, सगळ्यांना एकच माप. अशा कायद्याला लोकांची साथ मिळत नाही.

इंग्लंडातली मुसकी

पुढे इंग्लंडने दुसरा मार्ग धरला. बैल पिकाला तोंड लावू नये म्हणून आपण कोळपणीच्या वेळी त्याला मुसकी बांधतो ना? तशीच मुसकी तिकडे कुत्र्यांना बांधण्याचा हुकूम निघाला. १८९७ पासून तिथल्या शेतीखात्याचे प्रमुख वॉल्टर लाँग यांनी हा हुकूम कडकपणे राबवला. परदेशातून येणारी कुत्री वेगळी ठेवून तपासण्याचा नियमही केला. कुत्रे पाळणारे लोक चिडले. सभा झाल्या, अर्ज गेले.

या चिडण्यामागे एक कारण सुटीचे होते. सरदार-जमीनदारांची शिकारी कुत्री शिकारीवर असताना त्यांना मुसकीतून सूट होती. गरिबाच्या दारातल्या कुत्र्याला मात्र सूट नव्हती. रोगाला का जमीनदाराचे आणि गरिबाचे कुत्रे वेगळे दिसते? म्हणजे ती सूट कुत्र्याची प्रकृती पाहून दिलेली नव्हती, तर धन्याचा दर्जा पाहून दिलेली होती. लोक बोट ठेवत होते ते नेमके तिथेच.

तरीही मुसकीने काम केले. १९०२ पर्यंत इंग्लंड पिसाळरोगातून मोकळे झाले. पण पहिले महायुद्ध संपता संपता, १९१८ साली, बाहेरून चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर रोग पुन्हा शिरला. तो हटवायला १९२२ साल उजाडले. बांध कितीही भक्कम असो, एका जागी फुटला की पाणी तिथूनच जाते.

पोटातली इंजेक्शने

दरम्यान फ्रान्समध्ये मोठी गोष्ट घडली होती. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या, कुत्रा चावलेल्या मुलाला लस टोचायला सुरुवात झाली आणि तो मुलगा जगला. आपल्या देशात १९०० साली हिमाचलातील कसौली येथे आणि १९०७ साली दक्षिणेत कुन्नूर येथे पाश्चर संस्था निघाल्या. कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास जनावराच्या मेंदूपासून लस तयार केली. तीच ती "पोटातली चौदा इंजेक्शने". घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना ती अजून आठवत असतील.

त्या लशीने पुष्कळ जीव वाचवले. पण काही रोग्यांना तिच्यामुळे मेंदूचा आणि मज्जातंतूंचा त्रास होऊन लुळेपणाही येत असे. म्हणून भारतात २००४ च्या अखेरीस तिचे उत्पादन थांबवण्यात आले. आज मिळणारी लस निराळी आहे. ती दंडावर देतात आणि ती पुष्कळच निर्धोक आहे. तरी "लस म्हणजे धोका" ही जी भीती खेड्यांत राहिली आहे, तिचे मूळ त्या जुन्या लशीत आहे. भीती अगदीच निराधार नव्हती. पण ज्या लशीची ती भीती होती, ती लस आता उरलेली नाही.

माणसाला नंतर, कुत्र्याला आधी

माणसाला चावल्यावर टोचायचे, त्यापेक्षा कुत्र्यालाच आधी टोचले तर? जपानात उमेनो आणि दोई या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांसाठी एकदाच टोचायची लस तयार करून १९२१ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे रोग वाढला, तेव्हा १९५० साली जपानने स्वतंत्र कायदाच केला. कुत्र्याची नोंद करायची, दर वर्षी लस टोचायची आणि परदेशातून येणारे कुत्रे तपासूनच आत घ्यायचे, अशी त्याची तीन कलमे. १९५७ नंतर त्या देशात देशातल्या जनावरापासून हा रोग झालेला नाही. नंतर जे मोजके रोगी सापडले, ते बाहेरदेशी कुत्रा चावून आलेले होते.

अमेरिकेतल्या मेंफिस शहरात १९४८ साली जोराची मोहीम काढून सुमारे २३,००० कुत्र्यांना लस टोचली आणि साथ आटोक्यात आणली. या अनुभवांतून आणि पुढच्या अभ्यासांतून एक हिशेब पक्का झाला. गावातल्या शंभर कुत्र्यांपैकी सत्तरांना लस टोचली, तर रोगाला पुढे सरकायला वाट मिळत नाही. एखादे कुत्रे पिसाळलेच, तरी ते ज्याला चावेल त्याला बहुधा लस टोचलेली असते आणि साखळी तिथेच तुटते.

आजारी कुत्र्याचे काय?

आता मूळ प्रश्नावर येऊ. कायदा म्हणतो टोचा, आणि कुत्रे तर खरोखर आजारी. मग?

जपानात अशा कुत्र्याला पशुवैद्य लस लांबणीवर टाकल्याचा दाखला देतात. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. काही राज्यांत सूट मिळते, काहींत मिळत नाही. कॅलिफोर्नियातली गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. लशीनंतर आजारी पडलेल्या मॉली नावाच्या कुत्रीवरून तिथे चर्चा उठली आणि २०११ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ती २०१२ पासून लागू झाली.

त्या दुरुस्तीत काय आहे ते नीट बघा. लशीने कुत्र्याच्या जिवाला धोका आहे असे पशुवैद्याने तपासून लेखी द्यायचे. त्यावर आरोग्य अधिकाऱ्याने मान्यता द्यायची. सूट एक वर्षापुरती, पुढे हवी असेल तर पुन्हा तपासणी. आणि मुख्य म्हणजे सूट मिळालेले कुत्रे कायद्याच्या दृष्टीने बिनलशीचेच समजायचे. अधिकारी सांगतील तर ते घराच्या आवारातच ठेवायचे, बाहेर नेताना सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या दोरीने मोठ्या माणसाने धरायचे आणि बिनलशीच्या कुत्र्या-मांजरांत मिसळू द्यायचे नाही.

म्हणजे सूट फक्त सुईपुरती, जबाबदारीतून नाही. उलट धन्याची जबाबदारी वाढली. इंग्लंडातल्या जुन्या सुटीत आणि या सुटीत फरक आहे तो हाच. तिथे धन्याचा दर्जा बघितला, इथे कुत्र्याची प्रकृती बघितली.

आपल्या गावाचा हिशेब मांडा. शंभरांत सत्तर कुत्री टोचायची, म्हणजे तीसांची जागा मोकळी राहते. त्यात अगदी लहान पिल्ले आली, हाती न लागणारी मोकाट कुत्री आली आणि थोडी खरोखर आजारी कुत्रीही आली. ती जागा त्यांच्यासाठी आहे. धडधाकट कुत्र्याचा धनी "आमचे नको" म्हणून त्यात घुसला, तर तो आजारी कुत्र्याच्या वाटचे संरक्षण खातो. शेजाऱ्यांनी बांध घातला आणि आपण आपल्या वाटची दोन हात जागा उघडी ठेवली, तर पाणी कुणाच्या शेतात जाईल?

हे आपल्याकडे होण्यासारखे आहे का? शेजारच्या गोव्यात झाले आहे. तिथे २०१३ नंतरच्या वर्षांत घरोघरी आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम सतत चालवली गेली, शाळांतून मुलांना शिकवले गेले. कुत्र्यांतला रोग सुमारे नव्वद टक्क्यांनी घटला आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. त्याच साली केंद्र सरकारने, कुत्र्यांपासून माणसांना होणारा हा रोग २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा काढला.

आपण काय करावे?

१. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस टोचून घ्यावी. पुढची मात्रा डॉक्टर सांगतील तेव्हा आणि नंतर दर वर्षी. दाखला जपून ठेवावा.

२. कुत्र्याला ताप, हगवण किंवा मोठा अशक्तपणा असेल, अथवा मागच्या लशीनंतर तोंड सुजणे, धाप लागणे असे झाले असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. लस पुढे ढकलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने सूट घेऊ नये.

३. लस पुढे ढकलली असेल तोवर कुत्रा बांधून ठेवावा. बरा होताच टोचून घ्यावा.

४. लशीने कुत्रा पिसाळतो ही समजूत खोटी आहे. कुत्र्यांच्या लशीतले विषाणू मेलेले असतात.

५. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद काही भरू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा. लस आणि गरज असेल तर जखमेत द्यायचे प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही घ्यावे, आणि सांगितलेल्या तारखांपैकी एकही चुकवू नये. चावलेला कुत्रा सापडत असेल, तर त्याला मारू नये. दहा दिवस बांधून लक्ष ठेवावे. मात्र त्यासाठी आपली लस थांबवू नये.

६. गाय, म्हैस, बैल यांना कुत्रा चावला तर त्यांनाही लस असते. आणि जनावर लाळ गाळते आहे, घास गिळत नाही, वेगळ्याच आवाजात हंबरते आहे असे दिसले, तर घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. तो पिसाळरोग असू शकतो. आधी डॉक्टरांना बोलवा.

हा रोग एकदा दिसू लागला की त्यावर इलाज नाही. माणूस जातोच म्हणा ना. टाळणे मात्र आपल्या हातात आहे. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास शिबिरे निघतात. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, आणि तुमचा कुत्रा दोरीला धरून पहिल्या रांगेत उभे राहा.