देनिसोव्हाच्या गुहेतील मुलगी

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहराजवळ एक निसर्गरम्य दरी होती. सतराव्या शतकात योआखिम नेआंडर नावाचा तरुण प्रोटेस्टंट गीतकार तेथे एकांतासाठी जात असे. त्याचे एक स्तुतिगीत आज कॅथलिक चर्चमधूनही गायिले जाते. घराण्याचे मूळ आडनाव नॉयमान. विद्वानांच्या तत्कालीन रीतीनुसार पूर्वजांनी त्याचे ग्रीक रूप केले. अर्थ एकच, 'नवा माणूस'. पुढे दरीला गीतकाराचे नाव लाभले आणि १८५६ साली तेथील चुनखडीच्या खाणीत कामगारांना काही विलक्षण हाडे सापडली. नव्या माणसाच्या दरीतून फार जुना माणूस बाहेर आला!

फुलरॉट या शाळाशिक्षकाने ती प्राचीन मानवाची असल्याचे ओळखले. विद्वानांना ते पटेना. फिर्खोसारख्या थोर वैद्याने हाडे रोगग्रस्त ठरविली. बॉनच्या मायर नामक प्राध्यापकांना तर तो १८१४ च्या युद्धधामधुमीत गुहेत शिरून मेलेला कोसॅक घोडेस्वार वाटला. आपल्याहून निराळा दिसणारा माणूस एक तर रोगी असावा, नाही तर परका, ही घाई आम्हांस त्या हाडांइतकीच बोलकी वाटते.

हाडांच्या आकारावरून वाद मिटणारा नव्हता. मृत्यूनंतर पेशींतील डीएनएचे तुकडे तुकडे होतात, त्यात जंतूंचे डीएनए मिसळते आणि हाड हाताळणाऱ्या संशोधकाचेही! अशा चिंध्यांतून मूळ वस्त्र जुळविण्याची विद्या स्वान्ते पेबो यांनी सिद्ध केली. १९९७ साली त्यांच्या चमूने त्याच पहिल्या हाडातून डीएनएचा अंश मिळविला. २०१० साली क्रोएशियातील विंदिया गुहेतील हाडांवरून नेआंडर्थालांच्या समग्र जनुकसंचाचा आराखडा सिद्ध झाला. आफ्रिकेबाहेरील आजच्या माणसांच्या आनुवंशिक वारशापैकी एक ते दोन टक्के भाग नेआंडर्थालांकडून आला आहे. आम्ही ज्यांना रानटी म्हणून हिणवीत आलो, ते आमच्याच पूर्वजांत निघाले. पेबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सायबेरियातील अल्ताय पर्वतात देनिसोव्हा नावाची गुहा आहे; देनिस नावाचा एक संन्यासी तेथे राहिला म्हणून हे नाव, असे सांगतात. २००८ साली तेथे करंगळीच्या हाडाचा इवलासा तुकडा मिळाला. त्यातील डीएनए ना आपले, ना नेआंडर्थालांचे! अशा रीतीने एक अख्खा मानवसमूह प्रथम डीएनएवरून ओळखला गेला. पापुआ न्यू गिनीच्या रहिवाशांत त्याचा वारसा आजही ठळक आहे, आणि तिबेटी लोकांना विरळ हवेत तग धरण्यास साहाय्य करणारे एक जनुकरूपही त्याच वंशाकडून आलेले आहे.

याच गुहेतील हजारो अनोळखी हाडतुकड्यांत सुमारे दोन सेंटिमीटरचा एक तुकडा होता. तो किमान तेरा वर्षांच्या मुलीचा. ती सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वी होऊन गेली. तिची आई नेआंडर्थाल असल्याचे २०१६ साली कळले होते. २०१८ साली पूर्ण निष्कर्ष आला : वडील देनिसोव्हन! संशोधकांचा प्रथम विश्वास बसला नाही. पुनःपुन्हा तपासणी झाली. आई याच गुहेत आधी राहून गेलेल्या नेआंडर्थालांपेक्षा दूर क्रोएशियातील नेआंडर्थालांच्या अधिक जवळची होती, आणि पित्याच्याही दूरच्या पूर्वजांत नेआंडर्थाल होते. दोन वंशांची ती भेट प्रेमाची की बळजबरीची, हे डीएनए सांगत नाही. परंतु मूल तेरा वर्षे जगले. कोणी तरी त्याला पाजले, भरविले, हिवाळ्यांतून सांभाळले.

या वारशाची एक कटू बाजू आपल्या उपखंडाशी निगडित आहे. करोनाचा आजार गंभीर होण्याचा धोका वाढविणारा जनुकसमूह नेआंडर्थालांकडून आल्याचे २०२० साली दिसून आले. युरोपात तो सुमारे सोळा टक्के लोकांत आढळतो, तर दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांत.

मात्र आपल्या भूमीतील प्राचीन डीएनए फार दुर्मिळ आहे. थंडी त्याला राखते, उष्णता व दमट हवा त्याचा नाश करतात. हरियाणातील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथील साठाहून अधिक नमुने तपासल्यावर अवघ्या एका स्त्रीचा जनुकसंच हाती आला, तोही त्रोटक. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. ती स्त्री तर साडेचार हजार वर्षांपूर्वीचीच; देनिसोव्हाच्या मुलीच्या मानाने अगदी कालपरवाची.