भाकरीचा इतिहास : परात, दुष्काळ आणि रेशन

मंडळी, आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपण आधी देवगिरीचा किल्ला गाठतो. आज आपण बीड रस्त्यावरच्या पाचोडला जाऊ, पैठण तालुक्यात, आणि परातीपासून सुरुवात करू.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून आधणाचं पाणी घालायचं, तळहाताने रगडून मळायचं, मग थापायचं. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी तुटते. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची, शेवटी आरावर शेकायची. मग पापुद्रा सुटतो. याचं माप कुणी लिहून ठेवलं नाही. लेक आईशेजारी बसून शिकली.

पण हाताला वळण असून भागत नाही, धान्य लागतं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात ज्वारीच पिकली नाही. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली, दुष्काळी कामांवर सुकडी मिळाली. त्याच काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

पुढे १९७६ साली जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं. जिथे पाणी पोचलं तिथे ऊस आला, कोरडवाहू रानात कपाशी वाढली. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. म्हणजे कडब्याची गरजही घटली. ज्वारी पेरायचं एक मोठं कारणच गेलं. इकडे रेशनवर गहू मिळू लागला. सणावाराची, पाहुण्यांची पोळी रोजची झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य १ रुपया किलो होतं, गहू २ रुपये. आपल्याकडे दुकानात मिळत राहिले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ.

म्हणून गरिबाची भाकरी महाग झाली. २०२३ हे वर्ष जगाने भरड धान्यांचं म्हणून साजरं केलं, पण घरात रोज भाकरी नसेल तर लेकीने थापायला शिकायचं कशावर? आमचं म्हणणं एवढंच, की भाकरीचा वारसा शेत, रेशन आणि चूल या तिघांवर उभा आहे. घरातल्या आजीला विचारा, बहात्तर साली परातीत कोणतं पीठ होतं? ती सांगेल ते लिहून ठेवा. आणि तिच्या शेजारी बसून एक भाकरी थापून बघा.