वस्तीजवळची डुकरे आणि आपले आरोग्य

“आमच्या घरी कोणी डुकराचे मांस खात नाही, मग आम्हाला काय धोका?” असे अनेक जण विचारतात. धोका मांसापुरता नसतो. तळेगाव (श्यामजी पंत)सारखी महामार्गालगतची गावे वाढतात, तशी दहा-पाच डुकरांची खुराडी घरांना येऊन भिडतात. डुकरे मोकाट असतील आणि मैला उघड्यावर असेल, तर पुढील आजार संभवतात.

मेंदूतील जंतांच्या गाठी
अर्धकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरची विष्ठा खाऊन डुकराला लागण होते. तीच अंडी न धुतलेली भाजी, पाणी किंवा हातांवाटे शाकाहारी माणसाच्याही पोटात जातात आणि मेंदूत गाठी होतात. झटके काही वर्षांनीही येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा आजार कायम आढळणाऱ्या भागांत अपस्माराच्या सुमारे ३०% रुग्णांमागे हेच कारण असते.

जपानी मेंदूज्वर
याचा विषाणू डुकराच्या रक्तात झपाट्याने वाढतो. डुक्कर मात्र सहसा आजारी दिसत नाही. क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतात. मेंदूला सूज आलेल्या रुग्णांपैकी ३०% पर्यंत दगावू शकतात. वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते.

दूषित पाणी
खुराड्यातील घाण पावसात नाल्यात आणि विहिरीत उतरते. त्यातून जुलाब आणि लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

काय करावे?
• शौचालय वापरा. जेवणापूर्वी हात साबणाने धुवा.
• कच्च्या भाज्या स्वच्छ पाण्याने नीट धुवा. मांस पूर्ण शिजवा.
• डुकरे पाळत असाल तर ती बंदिस्त ठेवा. खुराडे घर आणि विहिरीपासून दूर असावे. घाण गटारात न सोडता खड्ड्यात कुजवा.
• पाणी साचू देऊ नका, मच्छरदाणी वापरा. मुलांच्या मेंदूज्वराच्या लसीबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

डॉक्टरांकडे कधी जावे?
तापाबरोबर गुंगी, बरळणे किंवा झटके असतील तर घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. झटका आल्यास रुग्णाला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. पहिल्यांदाच झटका आला असेल तर मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागू शकतो. अशा रुग्णाला जंताची गोळी मनाने देऊ नका. गाठींभोवती सूज वाढून झटके बळावू शकतात. योग्य उपचारांनी बहुतेकांचे झटके आटोक्यात येतात.