डुर्लाखचा बंब

फायर ब्रिगेड म्हटलं की आपल्याला महापालिकेचा लाल बंब आणि पगारी जवान आठवतात. आग विझवणं हे सरकारी काम, आपण फार तर गॅलरीतून बघायचं. जर्मनीत आल्यावर कळलं की इथे हे काम बहुतांशी बिनपगारी चालतं. देशात साधारण १० लाख लोक स्वयंसेवक म्हणून अग्निशमन दलात आहेत. पूर्णवेळ पगारी दल शंभराच्या आसपास शहरांतच. बाकी ठिकाणी निरोप आला की बेकरीवाला, मास्तर, बँकेतला कारकून असे सगळे धावतात. माझ्या टीममधला एक टेस्टर एकदा ऐन रिलीजच्या मीटिंगमधून उठून गेला, तो तीन तासांनी धुराचा वास घेऊन परत आला. पगार कापला जात नाही बरं का, कायदाच आहे तसा!

ही पद्धत कुठून आली हे शोधायला गेलो, तर धागा ट्रामच्या अंतरावर सापडला. कार्ल्सरूहच्या पूर्वेला डुर्लाख नावाचं जुनं गाव आहे. १६८९ साली फ्रेंच सैन्याने ते जवळजवळ पूर्ण जाळलं होतं. पुढे १७१५ मध्ये इथल्या राजाने शेजारीच कार्ल्सरूह वसवायला घेतलं, राजधानी तिकडे गेली आणि डुर्लाख मागे पडलं.

तेव्हा आग विझवायची रीत सोपी होती. घंटा वाजली की प्रत्येक घरटी माणसाने बादली घेऊन हजर व्हायचं, सक्तीने. म्हणजे गर्दी भरपूर, पण कुणी काय करायचं याचा पत्ता नाही. (प्रॉडक्शन बंद पडल्यावर एकाच कॉलवर चाळीस माणसं जमतात ना, तसंच काहीसं.) १८४६ मध्ये डुर्लाखने हायडेलबर्गच्या कार्ल मेट्झकडून नवा हातबंब घेतला. दोन्ही बाजूंनी माणसांनी दांडे दाबायचे आणि एकाने पाण्याची नळी धरायची, अशी ती रचना. गावचा बांधकामप्रमुख क्रिस्टियान हेंग्स्ट याला एक गोष्ट नीट कळली होती: ओढून आणलेल्या जमावाच्या हाती हे यंत्र देऊन काही उपयोग नाही. त्याने स्वखुशीने येणारे लोक निवडले, कामं आधीच वाटून दिली आणि आग नसताना सराव सुरू केला. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत बंबापेक्षा हा सराव महत्त्वाचा.

२८ फेब्रुवारी १८४७, रविवार. कार्ल्सरूहचं राजेशाही नाट्यगृह प्रयोगाआधी प्रेक्षकांनी भरलं होतं. राजघराण्याच्या कक्षात गॅसचे दिवे लावताना सजावटीने पेट घेतला. आत सगळं लाकूडकाम. साठाहून जास्त माणसं गेली. राजधानीच्या लोकांची धावपळ चाललेली असताना मागे पडलेल्या डुर्लाखची माणसं आपला बंब घेऊन आली. नाट्यगृह वाचण्यासारखं राहिलंच नव्हतं, पण शेजारच्या इमारतींकडे आग पसरू दिली नाही. त्याच वर्षी कार्ल्सरूहने स्वतःचं स्वयंसेवक दल काढलं आणि मग गावोगावी लाट आली. सॅक्सनीतलं माइसेन म्हणतं, आमचं दल १८४१ चं, पहिले आम्हीच. तो वाद चालू द्या. लाट उठली ती मात्र या आगीनंतर.

यात राजकारणही होतं. अनेक ठिकाणी या दलांत व्यायाम मंडळांची पोरं भरती झाली. अंगात चपळाई, शिडी चढायची सवय आणि डोक्यात स्वातंत्र्याची हवा. प्रशियात तर १८२० ते १८४२ अशा तालमींवर बंदीच होती. खुद्द मेट्झने १८४८ मध्ये पुस्तिका लिहून अग्निशमन दल हा नागरिकांच्या सेनेचा आवश्यक भाग असल्याचं मांडलं. १८४९ मध्ये प्रशियाच्या फौजांनी बाडेनमधली क्रांती चिरडली. डुर्लाखजवळही लढाई झाली. हुकूम नसताना शिस्तीत एकत्र येणारे लोक राज्यकर्त्यांना का खुपत असतील, ते वेगळं सांगायला नको.

इथवर वाचून मी खूश होतो. मग १९३८ आलं. नोव्हेंबरच्या ९-१० तारखेच्या रात्री देशभर सिनेगॉग पेटवली गेली. अनेक गावांत अग्निशमन दल हजर होतं, बंबही तयार होते. त्यांनी फक्त शेजारच्या घरांवर पाणी मारलं. सिनेगॉग जळू दिलं. आग शेजारी पसरू न देणं, हेच तर १८४७ मध्ये कौतुकाचं ठरलं होतं! सराव चोख, माणसं स्वयंसेवकच, पण कुणाचं घर वाचवायचं हे आता वरून ठरत होतं. त्याच महिन्यात आलेल्या कायद्याने ही दलं रीतसर पोलिसांच्या हाताखाली गेली. महायुद्धानंतर ती पुन्हा गावांकडे आली.

डुर्लाखही १९३८ मध्येच कार्ल्सरूहमध्ये विलीन झालं. शहराला आता पगारी दल आहे, तरी डुर्लाखचं स्वयंसेवक दल त्याच्या जोडीने अजून चालू आहे. १८४६ पासूनचं.